नवं फीचर भाषेत येतं, पावती कुणाच्या नावावर फाटते?

अर्धविराम

कुठल्याही प्रोग्रॅमिंग भाषेत नवं फीचर आलं आणि कुणी कुरकुर केली की ठरलेलं उत्तर येतं: "नको असेल तर वापरू नका, कुणी जबरदस्ती केलीय?" लिहिणाऱ्यापुरतं हे बरोबर आहे. वाचणाऱ्याला मात्र ती मुभा नसते. सहकाऱ्याचा कोड तपासायचाय, केव्हाच नोकरी सोडून गेलेल्या माणसाची फाइल दुरुस्त करायचीय, लायब्ररी आतून का फुटतेय ते बघायचंय, तर समोर येईल ते वाचावंच लागतं. प्रस्ताव मांडणारे किती ओळी कमी झाल्या ते दाखवतात. पावती फाटते वाचणाऱ्याच्या नावावर.

पायथनचंच घ्या. काम एवढुसं, मजकुरात व्हेरिएबलची किंमत घालायची. आधी टक्क्याचं चिन्ह होतं. मग टेम्प्लेट क्लास आला, मग फॉरमॅट ही मेथड, आणि २०१६ च्या ३.६ मध्ये एफ-स्ट्रिंग. यात एफ-स्ट्रिंग सगळ्यात सरस, वादच नाही. पण ती आली म्हणून आधीच्या तिघी घर सोडून गेल्या नाहीत. लॉगिंग मॉड्यूल, म्हणजे प्रोग्रॅम चालताना नोंदी ठेवणारा भाग, अजूनही मुळात टक्क्याच्या पद्धतीनेच चालतं. आता ३.१४ मध्ये टी-स्ट्रिंग आलीय. तिचं काम वेगळं आहे, ती मजकूर आणि किमती वेगवेगळ्या ठेवून देते, म्हणजे एसक्यूएल (डेटाबेसची भाषा) किंवा एचटीएमएलमध्ये (वेबपानाची भाषा) घालण्याआधी किमती तपासता येतात. पण दिसते एफ-स्ट्रिंगसारखीच, फक्त पहिलं अक्षर वेगळं. रिव्ह्यूमध्ये ते एक अक्षर नजरेतून निसटणार. आणि ही तीच भाषा, जिच्या तत्त्वांमध्ये "एखादी गोष्ट करायची उघड दिसणारी पद्धत शक्यतो एकच असावी" असं लिहून ठेवलंय.

भाषा गोठवून टाका असं मी म्हणत नाही. गोठलेल्या भाषेतून लोक हळूहळू निघून जातात. पण "हो" म्हणायचं की "नाही", याचा काही निकष असावा की नाही? माझा निकष असा: फीचरमुळे अनोळखी कोड वाचणं सोपं होणार असेल तर हो. फक्त लिहिणं सोपं होणार असेल तर नाही, मग ते कितीही देखणं असो. मतं येऊ द्या.

रिकामी_ओळ

वाचतोय. आता "गो" भाषावाले येतील.

उलटतपासणी

आले.

अर्धविरामराव, निकष ठीक आहे, पण तुम्ही एकाच बाजूची पावती दाखवताय. गोमध्ये दोन पूर्णांकांतला लहान कुठला हे सांगणारं तयार फंक्शन २०२३ च्या ऑगस्टपर्यंत, म्हणजे १.२१ येईपर्यंत नव्हतं. मॅथ पॅकेजात मिन होतं, पण ते फ्लोट६४ साठी, म्हणजे दशांशवाल्या आकड्यांसाठी. त्यामुळे प्रत्येक प्रकल्पात कुणीतरी आपापलं मिन लिहून ठेवलेलं. काही ठिकाणी तर एकाच प्रकल्पात तीन, तीन वेगळ्या नावांनी. भाषेचे कीवर्ड, म्हणजे राखीव शब्द, मोजून २५, संपूर्ण व्याख्या एका बैठकीत वाचून होते, याचं आम्हा लोकांना फार कौतुक. पण भाषा साधी राहिली म्हणून प्रोग्रॅम साधे राहिले असं झालं नाही.

१.० आलं मार्च २०१२ मध्ये, जेनेरिक्स, म्हणजे एकच फंक्शन वेगवेगळ्या प्रकारांच्या किमतींसाठी लिहायची सोय, आली मार्च २०२२ मध्ये. मधली दहा वर्षं लोकांनी काय केलं? एक तर रिकामा इंटरफेस, म्हणजे कुठलीही किंमत मावेल असा प्रकार, घ्यायचा आणि आत नेमकं काय आहे ते प्रोग्रॅम चालताना तपासायचं. नाहीतर कोड तयार करणारं वेगळं साधन चालवायचं आणि त्याने ओतलेल्या हजारो ओळी रिपॉझिटरीत ठेवायच्या. किंवा सरळ कॉपी-पेस्ट. यातली प्रत्येक गोष्ट वाचावी कुणाला लागत होती?

यादीत अमुक एक घटक आहे का, हे बघायला आधी पाच-सहा ओळींचा लूप असायचा. तो प्रत्येक वेळी वाचून ठरवायचं की हा फक्त शोधतोय की मध्येच आणखी काही करतोय. आता तिथे स्लाइसेस.कंटेन्स असतं. तुमच्याच निकषावर जेनेरिक्स पास होतात.

अर्धविराम

मान्य, पण स्लाइसेस.कंटेन्स हे सिंटॅक्स, म्हणजे भाषेच्या व्याकरणाचा भाग, नाही, ते फंक्शन आहे. त्याला नाव आहे, व्याख्या उघडून वाचता येते. चिन्हांचं तसं नसतं. पायथनचा वॉलरस, म्हणजे नावात किंमत भरता भरता तीच लगेच वापरू देणारं ते अपूर्णविराम आणि बरोबरचं चिन्ह, नवख्या माणसाला दिसला तर तो शोधणार काय टाकून? लायब्ररीत हवं तेवढं घाला, माझा आक्षेप नाही.

उलटतपासणी

ते फंक्शन जेनेरिक्सशिवाय लिहिताच येत नव्हतं. लायब्ररी मोठी व्हायला हवी असेल तर भाषेत तेवढी जागा करावी लागते.

कंसातली

दोघांच्याही लक्षात आणून द्यावंसं वाटतं की "नवीन" असणं हा खरा त्रास नाहीच. नवीन गोष्ट दिसली की माणूस थांबतो, माहिती काढतो, पुढे जातो. घात होतो तो ओळखीच्या दिसणाऱ्या पण वेगळ्या वागणाऱ्या गोष्टींमुळे.

पायथन ३.१० मध्ये मॅच-केस आलं. समजा वर एका नावात ४०४ ठेवलाय, नाव आहे "सापडलं_नाही". खाली "मॅच स्थिती", त्याखाली "केस सापडलं_नाही". दुसऱ्या कुठल्या भाषेतला स्विच वापरलेला माणूस म्हणणार, स्थिती ४०४ आहे का ते तपासतंय. तसं काहीही होत नाही. केसमध्ये नुसतं नाव आलं की पायथन तुलना करत नाही, समोर जे असेल ते त्या नावात भरतो. म्हणजे स्थिती २०० असली तरी ही केस जुळणार, आणि वर "सापडलं_नाही"ची किंमत २०० होऊन बसणार! त्याच्या खाली आणखी केस असतील तर निदान सिंटॅक्स एरर येते, पुढच्या केसपर्यंत पोचणं शक्य नाही म्हणून. ती शेवटचीच असेल तर आवाज नाही. नावात टिंब असेल, म्हणजे एचटीटीपीस्टेटस.नॉट_फाउंड असं लिहिलं, तर मात्र रीतसर तुलना होते. एका टिंबाने अर्थ उलटा.

हे कुणी अडाणीपणाने केलेलं नाही. पॅटर्न मॅचिंग असलेल्या बहुतेक भाषांमध्ये नुसतं नाव म्हणजे "इथलं काढून घे" असंच असतं. तुकडे उलगडायला ते लागतंच, आणि एकात एक खोल गुंतलेलं जेसन किंवा पार्सरने दिलेलं झाड वाचायला मॅचइतकं सुबक दुसरं काही नाही. मी रोज वापरते. पण ज्या भाषेत बाकी सगळीकडे नाव वाचलं की त्याची किंमत मिळते, तिथे एकाच कोपऱ्यात नावाचा अर्थ उलटा होणं वाचणाऱ्याला महागात पडतं.

एक श्रेय मात्र द्यायला हवं. मॅच आणि केस हे त्यांनी सॉफ्ट कीवर्ड ठेवले, म्हणजे ठरावीक जागीच राखीव, म्हणून मॅच नावाची व्हेरिएबल असलेला जुना कोड तुटला नाही. त्याआधी ३.७ मध्ये असिंक पूर्ण कीवर्ड झाला तेव्हा ते नाव वापरणाऱ्या लायब्रऱ्यांना नावं बदलत बसावं लागलं होतं.

रिकामी_ओळ

मॅचचं हे माहीत नव्हतं. आत्ता चालवून बघितलं. देवा.

जुना_गडी

तुमची ही भांडणं वाचून सी++वाल्याला गंमत वाटते. आमच्याकडे यावर तोडगा म्हणून सांगतात, "भाषेतला आपल्यापुरता भाग निवडा आणि तेवढाच वापरा." प्रत्येक टीमचा निवडलेला भाग निराळा असतो, आणि लायब्ररीच्या हेडर फाइलमध्ये शिरलात की तिथे सगळ्यांचे भाग एकत्र नांदत असतात.

एकच नमुना देतो. ऑब्जेक्टला सुरुवातीची किंमत देण्याच्या पद्धती फार झाल्या म्हणून सी++११ मध्ये सगळीकडे चालेल अशी महिरपी कंसांची पद्धत आणली. हेतू शुद्ध, एकसारखेपणा. आता पूर्णांकांचा व्हेक्टर, म्हणजे यादी, घ्या. गोल कंसात १० आणि २ दिलेत तर दहा घटक मिळतात, प्रत्येकाची किंमत २. महिरपी कंसात तेच दोन आकडे दिलेत तर घटक दोनच, एक १० आणि एक २. दोन्ही ओळी विनातक्रार कंपाइल होतात. सोपं करायला आणलेली पद्धत आधीच्या पद्धतींच्या रांगेत शेवटी जाऊन उभी राहिली.

सी++चे जनक खुद्द स्ट्राउस्ट्रप यांनी २०१८ मध्ये भाषेचं मानक ठरवणाऱ्या समितीपुढे एक टिपण ठेवलं होतं, "वासा आठवा" अशा अर्थाच्या शीर्षकाचं. वासा हे स्वीडनचं युद्धजहाज, १६२८ मध्ये पहिल्याच सफरीत बुडालं. टिपणाचा सूर असा की एकेक प्रस्ताव सुटा बघितला तर बरा दिसतो, पण सगळ्यांचं मिळून काय होतंय हे कुणीच बघत नाही. ज्याने भाषा जन्माला घातली त्यालाच हे लिहून द्यावं लागलं! आणि लक्षात घ्या, समितीतली माणसं बेजबाबदार नाहीत. प्रत्येकाचा त्रास खरा आहे, प्रत्येकाचा प्रस्ताव नीट तयार केलेला आहे. फक्त "हा नको, कारण आधीच पुष्कळ झालंय" असं म्हणायला ठोस पुरावा देता येत नाही. फायदा उदाहरणाने दाखवता येतो. भाषा किती जड झाली ते दाखवायला उदाहरण सापडत नाही.

नवशिक्या१

मी पायथन शिकायला नुकतीच सुरुवात केली आहे. वरचं वाचून घाबरलो. भाषा बदलू का?

कंसातली

अजिबात नको. एफ-स्ट्रिंग शीक, बाकीच्या पद्धती कुणाच्या कोडमध्ये दिसतील तेव्हा बघ. मॅच सध्या राहू दे, इफ-एल्सने सगळं होतं. इथले लोक हौसेने भांडतायत, मनावर घेऊ नकोस.

शून्याधारित

जुना_गडी यांचा मुद्दा पुढे नेतो. घालण्यावर एवढी चर्चा झाली, काढण्यावर कुणी बोललंच नाही. साधेपणा टिकवायचा तर काहीतरी काढायला लागणार किंवा चुकलेला अर्थ बदलायला लागणार, आणि ते घालण्याच्या दसपट अवघड आहे.

पायथन ३.० आलं डिसेंबर २००८ मध्ये. पायथन २ ला अधिकृत निरोप १ जानेवारी २०२०. अकरा वर्षं लोक दोन भाषा सांभाळत होते, कारण दोन्हीतला कोड एका प्रोग्रॅममध्ये एकत्र चालू शकत नव्हता. एक लायब्ररी अडली की तिच्यावर उभं असलेलं सगळं अडलं. दुसऱ्या टोकाला जावास्क्रिप्ट, तिथे काही काढताच येत नाही. नलचा, म्हणजे "काहीच नाही" या किमतीचा, प्रकार विचारला तर आजही "ऑब्जेक्ट" असं उत्तर येतं, ही सुरुवातीपासूनची चूक. २०१८ मध्ये ॲरेसाठी फ्लॅटन नावाची मेथड येणार होती. मूटूल्स या जुन्या लायब्ररीने त्याच नावाची आपली मेथड घातलेली होती, नवी आल्यावर कधीकाळी बनवून सोडलेल्या साइट्स मोडल्या असत्या. शेवटी नाव ठेवलं फ्लॅट.

रस्टने यातून काढलेली वाट मला सगळ्यात पसंत आहे. २०१५, २०१८, २०२१, २०२४ अशा आवृत्त्या आहेत, त्यांना ते एडिशन म्हणतात. प्रत्येक क्रेट, म्हणजे रस्टमधलं पॅकेज, स्वतःची एडिशन जाहीर करतो, आणि वेगवेगळ्या एडिशनचे क्रेट एकाच प्रोग्रॅममध्ये गुण्यागोविंदाने राहतात. म्हणजे नवा कीवर्ड आणायचा झाला तर जुन्या एडिशनमधला कोड जसाच्या तसा चालू राहतो. याला मर्यादा आहे. मानक लायब्ररी सगळ्यांची एकच असते, त्यामुळे तिच्यात एकदा घातलेलं एडिशन बदलून काढता येत नाही. म्हणून अर्धविराम यांच्या "लायब्ररीत हवं तेवढं घाला" या वाक्याला माझा विरोध आहे. लायब्ररीतली घाण भाषेतल्या घाणीइतकीच चिवट असते.

आता गो १.२२, फेब्रुवारी २०२४. हा बदल मला फार आवडतो, कारण यात नवा सिंटॅक्स काहीच आला नाही. फॉर लूपमधलं व्हेरिएबल आधी संपूर्ण लूपसाठी एकच असायचं. तीन घटकांच्या यादीवर लूप चालवला, प्रत्येक फेरीत एक गोरुटीन (स्वतंत्रपणे सोबत चालणारं काम) सोडलं आणि त्यात तो घटक छापला, तर बहुतेक वेळा तिन्ही गोरुटीन शेवटचाच घटक छापायची. तिघांच्या हातात एकच डबा, आणि ती उघडून बघेपर्यंत आत शेवटची वस्तू पडलेली. त्यावर इलाज म्हणून लोक लूपच्या आत पहिली ओळ लिहायचे, "व्ही म्हणजे व्ही", म्हणजे त्या फेरीपुरती वेगळी प्रत. नवख्याला ती ओळ वेड्यासारखी वाटायची. कुणीतरी फालतू समजून उडवली की बग परत! याच जातीच्या बगमुळे २०२० मध्ये लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेने वेबसाइटना दिलेली ३० लाखांहून अधिक सुरक्षा प्रमाणपत्रं अडचणीत आली होती. ती लोकं काही नवखी नव्हती.

१.२२ पासून प्रत्येक फेरीला नवं व्हेरिएबल मिळतं. एक ओळ लिहायची गरज संपली आणि वाचणाऱ्याच्या डोक्यातला एक कायमचा खिळा निघाला. जुना कोड चालत राहील हे सुसंगततेचं वचन मोडू नये म्हणून नवा अर्थ फक्त त्याच मॉड्यूलला लागू होतो, ज्याच्या गो.मॉड फाइलमध्ये १.२२ किंवा पुढची आवृत्ती लिहिलीय. तेव्हा साधेपणा आणणं हेसुद्धा एक फीचरच आहे, आणि ते आणायला अशी यंत्रणा आधी उभी असावी लागते. ती नसेल तर तुमचा निकष फक्त दारावर पहारा देईल, आत शिरलेल्याला बाहेर काढू शकणार नाही.

अर्धविराम

हा प्रतिसाद मूळ धाग्यापेक्षा भारी. लायब्ररीबद्दलचं पटलं. माझा निकष "हो" म्हणायच्या क्षणापुरताच आहे, त्यानंतरचं त्यात नाही, हे खरंय.

जुना_गडी

"हो" आणि "नाही" यांच्या मधली पायरी जावाने बसवलीय, तीही बघा. प्रिव्ह्यू म्हणून फीचर सोडतात, मुद्दाम चालू केल्याशिवाय ते वापरता येत नाही. स्विच एक्स्प्रेशन जावा १२ मध्ये आलं तेव्हा किंमत परत द्यायला ब्रेक वापरायचा होता. लोकांचा गोंधळ झाला, १३ मध्ये त्याचं यील्ड केलं, १४ मध्ये पक्कं केलं. स्ट्रिंग टेम्प्लेट २१ आणि २२ मध्ये प्रिव्ह्यूला होते, रचना जमत नाही म्हणून २३ मध्ये सरळ काढून टाकले. लोकांना दाखवलेली गोष्ट परत घ्यायला हिंमत लागते. आमच्या समितीला जमेल का, शंका आहे.

रिकामी_ओळ

अवांतर: लुआ भाषेमध्ये तिन्ही कर्त्यांचं एकमत झालं तरच फीचर आत येतं. भाषा चिमुकली राहिलीय. कंटिन्यू (लूपची पुढची फेरी लगेच सुरू करणारा) आजही नाही, गोटू (कोडमध्ये दुसऱ्या जागी उडी मारणारा) मात्र ५.२ मध्ये आला, आणि लोक गोटू वापरून कंटिन्यू करतात. :)

उलटतपासणी

हाच तर माझा मुद्दा! "नाही" म्हटलं की गरज मरत नाही, ती दुसऱ्या दाराने येते.

गोमधल्या एरर हाताळणीकडे येतो, कारण अर्धविराम यांचा निकष तिथे अडकतो. प्रत्येक कॉलनंतर तीन ओळी: एरर निल (रिकामी) नसेल तर, ती परत कर, कंस बंद. यावर २०१८ मध्ये चेक-हँडलचा मसुदा आला, २०१९ मध्ये ट्रायचा प्रस्ताव. ट्रायवर इतका गदारोळ झाला की मागे घेतला. जून २०२५ मध्ये टीमने जाहीर केलं की एररसाठी नव्या सिंटॅक्सचा पाठपुरावा नजीकच्या काळात करणार नाही. सर्वसंमती होत नाही, हे त्यातलं मुख्य कारण.

आता सांगा, वाचणाऱ्याला काय सोपं? चाळीस ओळींच्या फंक्शनमध्ये खरं काम दहा ओळींचं आणि बाकी याच तीन ओळी पुन्हा पुन्हा? त्या इतक्या सारख्या असतात की डोळा त्यांच्यावरून घसरतो, आणि एखाद्या ठिकाणी चुकून भलतीच एरर परत केलेली असली तर दिसतच नाही. रस्टमध्ये त्या जागी एक प्रश्नचिन्ह असतं. चिन्ह आहे, शोधायला अवघड आहे, पण फंक्शन कुठून कुठून बाहेर पडू शकतं ते बोट ठेवून दाखवता येतं.

अर्धविराम

प्रश्नचिन्ह मला आवडतं, कारण ते दिसतं. एक्सेप्शन, म्हणजे चूक झाली की फंक्शनमधून आपोआप बाहेर पडणं, दिसत नाहीत. ट्रायला माझा विरोध वेगळ्या कारणासाठी होता. ते दिसायला साध्या फंक्शन कॉलसारखं होतं आणि आतून फंक्शनमधून बाहेर उडी मारत होतं. एकात एक कॉल असलेल्या लांब ओळीच्या मध्यावर ट्राय बसला असता तर बाहेर पडायची जागा कुणाच्या लक्षातच आली नसती. वर कंसातली म्हणाल्या तेच, ओळखीचं दिसायचं आणि वेगळं वागायचं. त्यामुळे त्या तीन ओळींवर मी खूश आहे असं नाही, पण ट्रायपेक्षा त्या बऱ्या.

कंसातली

आणि आता त्या तीन ओळी टंकायचा त्रासही राहिला नाही, एडिटरच भरून देतो. निम्मा कोड यंत्राकडून लिहून घेण्याचे दिवस आहेत. "लिहायला कमी पडतं" या युक्तिवादाचा भाव घसरलाय, असं मला वाटतं. वाचायला मात्र पूर्वीपेक्षा जास्त पडतं, कारण न लिहिलेला कोड वाचून मंजूर करायचा असतो.

उलटतपासणी

मग वाचायला कमी ओळी असाव्यात, हे माझ्याच बाजूचं झालं ना?

कंसातली

कमी ओळी आणि कमी विचार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वॉलरसने एक ओळ कमी होते, पण उरलेली ओळ दोनदा वाचावी लागते.

रिकामी_ओळ

शून्याधारित, एक शंका. आमच्या जुन्या प्रकल्पात कंपायलर १.२३ चा टाकला, तरी लूप जुन्यासारखाच वागतोय. "व्ही म्हणजे व्ही" काढलं आणि टेस्ट पडली.

शून्याधारित

गो.मॉडमधली "गो" ने सुरू होणारी ओळ बघा, तिथे १.२१ किंवा त्याआधीचा आकडा असणार. कंपायलर कितीही नवा असला तरी अर्थ त्या ओळीवरून ठरतो. आधी ती उडवलेली ओळ परत घाला, मग आकडा १.२२ करा, सगळ्या टेस्ट चालवा. क्वचित एखादी टेस्ट उलट नव्या अर्थाने पडते, कारण ती जुन्या बगच्या आधारावरच पास होत होती. तसं झालं तर लूप हाताने शोधत बसू नका. बाइसेक्ट नावाचं साधन गोच्या टूल्समध्ये मिळतं, त्याला लूपव्हार सांगून टेस्ट चालवायला द्या. एकेक लूप जुन्या-नव्या अर्थाने आलटून पालटून बघतं आणि नेमकी फाइल आणि ओळ सांगतं. सगळं हिरवं झालं की मग "व्ही म्हणजे व्ही" काढा, वेगळ्या कमिटमध्ये.